खिशातले पिस्तूल आणि सरकारचा कागद



अमेरिकेच्या पश्चिम मुलुखाचे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे ते सिनेमाच्या पडद्यावर. धुळीचा रस्ता, फळ्यांची घरे, आणि कमरेला दोन पिस्तुले लटकावून घोड्यावरून उतरणारा काउबॉय. ते पाहून आपली अशी समजूत होऊन बसली आहे की, त्या देशात पूर्वी वाटेल त्याने वाटेल तेथे शस्त्र घेऊन हिंडावे अशी मोकळीक होती, आणि कायदेकानू आले ते मागाहून. वस्तुस्थिती बरीचशी उलटी आहे. अ‍ॅरिझोनातील टूमस्टोन या चांदीच्या खाणींच्या गावी २६ ऑक्टोबर १८८१ रोजी एक चकमक झाली. ती अर्ध्या मिनिटात आटोपली, तीन माणसे मेली, आणि तिच्यावर आजवर किती चित्रपट निघाले याची गणती नाही. परंतु त्या चकमकीचे निमित्त काय होते, हे चित्रपटात सहसा ठसत नाही. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात गावाने ठराव केला होता की, गावात येणाऱ्याने आपली शस्त्रे जमा करावीत आणि जाताना परत न्यावीत. काही काउबॉय शस्त्रांसह गावात असल्याची खबर आली, आणि गावाचा मार्शल व्हर्जिल अर्प आपल्या भावांना बरोबर घेऊन ती काढून घ्यावयास निघाला. म्हणजे ज्या लढाईला आपण बंदुकीच्या स्वैर राज्याचे प्रतीक समजतो, ती मुळात नगरपालिकेच्या एका ठरावाच्या अंमलबजावणीतून उद्भवली!

आज मला बोलावयाचे आहे ते याच जातीच्या, पण दिसावयास अगदी साध्या अशा एका कागदाविषयी. अंगावरच्या कपड्याखाली पिस्तूल लपवून रस्त्यात, बाजारात, मोटारीत बरोबर बाळगण्याचा हा परवाना. अमेरिकेत तो कोट्यवधी लोकांनी घेतला आहे. हा कागद कोणाला मिळाला, कोणाला नाकारला गेला, आणि हाती आल्यावर माणसाचे काय झाले, हे पाहिले म्हणजे त्या समाजाच्या पोटात शिरता येते. कायद्याचे शब्द तेथे पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तेच राहिले आहेत. ‘योग्य व्यक्ती’, ‘सबळ कारण’, ‘चांगले चारित्र्य’. प्रश्न असा की, मेजापलीकडे बसलेला अधिकारी हे शब्द कोणाकडे पाहून वाचत होता.

आरंभ करू या गुप्तीपासून. आपल्याकडेही जुन्या वाड्यांतून हातातल्या काठीत पाते दडवलेली गुप्ती असे. केंटकी राज्याच्या विधिमंडळाने १८१३ साली कायदा केला की, खिशातले पिस्तूल, खंजीर, मोठा सुरा किंवा काठीतली गुप्ती लपवून बाळगणारास किमान शंभर डॉलर दंड व्हावा. प्रवासाला निघालेल्या माणसाला मात्र सूट. त्याच वर्षी लुइझियानानेही असाच कायदा केला. लपवलेल्या शस्त्राविरुद्धचे हे त्या देशातील अगदी आरंभीचे कायदे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शस्त्र उघड लटकवून चालण्याला या कायद्यांनी हरकत घेतलेली नाही. हरकत होती ती लपवण्याला. त्या काळच्या दक्षिणी अमेरिकन पुरुषाची अब्रूची कल्पना अशी की, ज्याला शस्त्र बाळगावयाचे आहे त्याने ते चारचौघांना दिसेल असे बाळगावे. समोरच्याला निदान सावध होता येते. कोटाच्या आत हात घालून जो उभा राहतो, त्याच्या मनात दगा आहे, असे ते लोक मानीत. द्वंद्वयुद्धे आणि बाचाबाचीतून होणारे खून यांनी ते मुलूख हैराण झाले होते, आणि कायदा करणारांना वाटे, लपवण्याची सोय गेली की खुनाची सोयही जाईल.

तसे झाले नाही. किंबहुना केंटकीतला कायदा नऊ वर्षांत कोसळला. ब्लिस नावाच्या एका माणसाला गुप्ती बाळगल्याबद्दल शंभर डॉलर दंड झाला, तो अपिलात गेला, आणि १८२२ साली न्यायालयाने कायदाच रद्द ठरवला. राज्यघटनेने शस्त्राचा हक्क दिला आहे. त्याला थोडी कात्री लावली काय आणि पुरी लावली काय, दोन्ही सारखेच, असा न्यायालयाचा अभिप्राय. मग १८५० साली केंटकीच्या लोकांनी राज्यघटनाच बदलली आणि लपवलेल्या शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार विधिमंडळाला दिला. इतर राज्यांतील न्यायालये केंटकीच्या वाटेने गेली नाहीत. अलाबामाच्या वरिष्ठ न्यायालयासमोर १८४० साली जो खटला आला त्याची मौज अशी की, आरोपी खुद्द एका जिल्ह्याचा शेरीफ होता. माझ्या जिवाला धोका आहे, म्हणून मी पिस्तूल लपवून बाळगले, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने ते ऐकून घेतले आणि शिक्षा कायम केली. धोका असेल तर उघड बाळगा, लपवू नका. हा अलाबामाचा शेरीफ आपण मनाच्या एका कोपऱ्यात ठेवू या. त्याच्या खुर्चीवर पुढे बसलेल्या दुसऱ्या एका शेरीफाची गाठ आपल्याला पडावयाची आहे.

याच काळात शस्त्रही बदलत होते. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली फिरत्या दंडगोलाच्या पिस्तुलाचे अमेरिकन पेटंट घेतले. फिलाडेल्फियाचा कारागीर हेन्री डेरिंजर तळहातावर मावतील अशी एकबारी पिस्तुले करू लागला. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात अध्यक्ष लिंकन यांच्या मस्तकात जी गोळी शिरली, ती अशाच एका डेरिंजर पिस्तुलाची. मारेकरी नट होता, नाट्यगृहाच्या ओळखीचा होता. त्याच्या खिशात काय आहे हे कोण विचारणार?

परंतु लिंकन ज्या युद्धात राष्ट्राध्यक्ष होते त्या युद्धाने या विषयाला जे वळण दिले, ते या खुनापेक्षाही मोठे आहे. आतापर्यंत मी ‘बंदी’ म्हणालो, ‘परवाना’ म्हणालो नाही. परवाना दक्षिणेत ठळकपणे शिरला तो गुलामांच्या मुक्तीबरोबर.

त्या आधी १८५७ साली ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सरन्यायाधीश टॉनी यांनी कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला होता. तो देताना त्यांनी एक भीती बोलून दाखवली. यांना नागरिक मानले तर यांना वाटेल तेथे प्रवास करता येईल, सभा घेता येतील, आणि जेथे जातील तेथे शस्त्र बाळगता येईल! निकाल अत्यंत निंद्य. परंतु नागरिकत्वात काय काय येते याची त्यांनी केलेली यादी पुढे त्यांच्याच विरुद्ध पक्षाने अनेकदा वापरली. १८६५ साली युद्ध संपले, गुलामगिरी गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस मिसिसिपीच्या विधिमंडळाने कायदा केला की, लष्करात नसलेल्या कोणत्याही मुक्त कृष्णवर्णीयाने आपल्या जिल्ह्याच्या मंडळाचा परवाना असल्याखेरीज कोणत्याही प्रकारचे अग्निशस्त्र ठेवू नये वा बाळगू नये. जप्त झालेले शस्त्र मिळावे कोणाला? तर जो खबर देईल त्याला! शेजाऱ्याची बंदूक आयती घरी आणण्याची ही केवढी सोय! गोऱ्या माणसाला या परवान्याची गरज नव्हती.

श्रोतेहो, हे ऐकताना आपल्याला आपल्याच घरचे काही आठवले असेल. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हा देश निःशस्त्र करण्याचा सपाटा लावला आणि लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवाना हवा. युरोपियनांना नियमांनी सूट. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला, आणि पुढे तो ठराव पुनःपुन्हा होत राहिला. ज्यांची वाट पाहण्याची तयारी नव्हती, त्यांनी परवान्याचा नाद सोडला. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर जे पिस्तूल झाडले, ते लंडनहून लपवून आणलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी होते. स्वतंत्र भारताने १८७८ चा कायदा रद्द करून १९५९ चा नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आणला. तो विषय स्वतंत्र आहे. येथे इतकेच म्हणावयाचे की, परवाना देणारा आणि मागणारा यांच्यामध्ये वर्ण उभा असला म्हणजे कागदाचे काय होते, हे सांगावयास आपल्याला अमेरिकन साक्षीदाराची जरूर नाही.

मिसिसिपीचा कायदा फार काळ टिकला नाही. १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा आणि १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती यांनी वर्णाचे नाव घेऊन केलेले असे कायदे बाद झाले. मग दक्षिणेने दुसरी युक्ती काढली. कायद्यात वर्णाचा उल्लेखच करावयाचा नाही. परवाना सर्वांना लागू, आणि तो द्यावयाचा की नाही हे स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर. फ्लॉरिडाने १८९३ साली असा कायदा केला. त्याच्या पोटातली गोष्ट बाहेर यावयास जवळजवळ पन्नास वर्षे लागली. १९४१ साली त्या राज्याच्या वरिष्ठ न्यायालयातील न्यायमूर्ती ब्यूफर्ड यांनी निकालपत्रातच लिहून ठेवले की, हा कायदा कृष्णवर्णीय मजुरांची शस्त्रे काढून घेण्यासाठी झाला होता. गोऱ्या लोकांना लावण्याचा त्याचा हेतू कधीच नव्हता, आणि व्यवहारात तो तसा लावलाही गेला नाही. एका न्यायमूर्तीने असा कबुलीजबाब द्यावा हे विरळा. १८९२ साली मेम्फिस शहरात आपल्या मित्राला झुंडीने ठार केल्यावर इडा वेल्स या निर्भय पत्रकार स्त्रीने पिस्तूल विकत घेतले होते. तिने अधिकाऱ्याकडे परवाना मागितला असता तर काय उत्तर मिळाले असते, याचा तर्क आपणच करावा.

दक्षिणेलाच दोष देऊन थांबू नये. उत्तरेत न्यू यॉर्क शहराचे महापौर गेनॉर यांच्यावर १९१० च्या ऑगस्टमध्ये गोळी झाडली गेली. १९११ च्या जानेवारीत डेव्हिड ग्रॅहॅम फिलिप्स या कादंबरीकाराचा भर रस्त्यात खून झाला. शहर खवळले. तेव्हा टिमोथी सलिव्हन नावाचे एक राजकारणी पुढे झाले आणि त्यांच्या नावाचा कायदा ३१ ऑगस्ट १९११ पासून लागू झाला. लपवता येण्याजोगे कोणतेही पिस्तूल घरात ठेवावयासही परवाना, आणि परवान्याशिवाय बरोबर बाळगणे हा गंभीर गुन्हा. हे सलिव्हन गरिबांना जेवण आणि पायताणे वाटीत, आणि निवडणुकीच्या दिवशी त्याची परतफेड मतांनी घेत. त्यांच्या विरोधकांत असा प्रवाद होता की, हा कायदा झाला तो प्रतिस्पर्ध्याच्या खिशात पोलिसाने पिस्तूल सरकवून त्याला अडकवावे यासाठी. काही गुंडांनी म्हणे या भीतीने कोटाचे खिसेच शिवून टाकले! हे खरे असो वा नसो, या कायद्याखाली प्रथम तुरुंगात गेलेल्यांत एक इटालियन मजूर होता हे खरे. खंडणी मागणाऱ्या टोळ्यांच्या भीतीने तो पिस्तूल बाळगी. न्यायाधीशाने त्याला वर्षभरासाठी सिंग सिंग तुरुंगात धाडले.

दोन वर्षांनी, १९१३ साली, त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पिस्तूल लपवून बाळगण्याचा परवाना हवा असेल तर ‘चांगले चारित्र्य’ आणि ‘सबळ कारण’ दाखवावे अशी अट आली. ‘सबळ कारण’ हे दोन शब्द पुढे शंभराहून अधिक वर्षे न्यू यॉर्कवर राज्य करीत होते. आपण राहतो ती वस्ती धोक्याची आहे, हे सबळ कारण धरले जात नसे. इतरांहून वेगळा असा खास धोका दाखवावा लागे. जवाहीर घेऊन फिरणारा व्यापारी तो दाखवू शके. रात्रपाळी संपवून भुयारी रेल्वेने घरी परतणाऱ्या कामगाराला कोणता खास धोका? त्याच्या गल्लीतल्या सर्वांनाच तो होता.

आता पुन्हा अलाबामा. साल १९५६, गाव मॉन्टगोमेरी. बसमधील वर्णभेदाविरुद्ध ५ डिसेंबर १९५५ पासून कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला होता, आणि त्याचे पुढारीपण सव्वीस वर्षांच्या एका धर्मोपदेशकाकडे आले होते. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री मार्टिन ल्यूथर किंग सभेत होते. घरी पत्नी कोरेटा आणि जेमतेम अडीच महिन्यांची मुलगी. ओसरीवर बॉम्ब येऊन पडला. माणसे वाचली. किंग धावत घरी आले तेव्हा अंगणात संतापलेला जमाव होता आणि त्यातील कित्येकांच्या हाती शस्त्रे होती. शस्त्रे घरी न्या, असे सांगून त्यांनी जमावाला परत पाठवले. हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरचा तितका ठाऊक नाही. किंग शेरीफाच्या कचेरीत गेले आणि मोटारीत पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला.

त्या काळच्या अलाबामाच्या कायद्यात शर्त अशी होती की, अर्जदाराला आपल्या जिवाला वा मालमत्तेला इजा होण्याची भीती बाळगण्यास योग्य कारण असावे आणि तो परवान्यास योग्य अशी व्यक्ती असावा. कारण? घराच्या ओसरीला बॉम्बने खड्डा पडला होता. व्यक्ती? बोस्टन विद्यापीठाचा डॉक्टर, एका प्रतिष्ठित देवळाचा उपदेशक. कायद्याच्या शब्दांना याहून चपखल अर्जदार शोधून सापडला नसता. अर्ज नामंजूर झाला. धोका असेल तर उघड बाळगा, असे १८४० साली त्या राज्यातल्या एका शेरीफाला सांगितले गेले होते. १९५६ चा शेरीफ किंगना तेही सांगणार नव्हता. पुढल्याच वर्षी न्यू यॉर्क राज्यात माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना पिस्तुलाचा परवाना मिळाला. त्या स्वतः समतेच्या कैवारी, आणि वर्णद्वेष्ट्यांच्या धमक्या त्यांनाही येत. तेव्हा त्यांना मिळाला याचे वाईट वाटावयाचे कारण नाही. दोन अर्ज शेजारी ठेवून पाहावेत, इतकेच.

त्या दिवसांत किंग यांच्या घरी पहारेकरी होते आणि त्यांच्याजवळ बंदुका होत्या. मदतीला आलेले बायर्ड रस्टिन यांच्यासोबतचा एक पत्रकार खुर्चीत बसू लागला, तो रस्टिन ओरडले, कारण खुर्चीत पिस्तूल पडलेले होते! अहिंसेचा आचार्य म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो त्या क्षणी दोन वाटांच्या तोंडावर उभा होता. किंग यांनी नंतर लिहून ठेवले आहे की, पत्नीशी बोलून त्यांनी विचार केला, चळवळ अहिंसेची आणि पुढाऱ्याच्या घरात बंदूक हे जुळते कसे? आणि होते ते शस्त्र त्यांनी घराबाहेर काढले. मगच आपली भीती नाहीशी झाली, असे ते म्हणतात. मला येथे एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. किंग यांचा हा निर्णय मोठा, म्हणून शेरीफाचा नकार क्षम्य ठरत नाही. शस्त्र टाकण्याचा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा असतो. दुसऱ्याने काढून घेतलेल्या शस्त्राला त्याग म्हणत नाहीत. तीन वर्षांनी, १९५९ मध्ये, किंग भारतात आले आणि मुंबईस मणिभवनात राहिले.

अकरा वर्षांनी कॅलिफोर्नियात उलटा देखावा दिसला. तेथे भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यास मनाई नव्हती. ब्लॅक पँथर पक्षाच्या तरुणांनी त्याचा लाभ घेऊन ओकलंडच्या पोलिसांच्या गाड्यांमागे बंदुका घेऊन फिरावयास सुरुवात केली, आणि २ मे १९६७ रोजी ते थेट विधिमंडळाच्या इमारतीत शिरले. त्या वर्षी तेथे भरलेल्या बंदुकीवर बंदी आली आणि तिच्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रीगन, जे पुढे बंदूकवाल्यांचे लाडके राष्ट्राध्यक्ष झाले.

यानंतर वारे फिरले. मोठ्या शहरांतून गुन्हे वाढले, पोलिसांवरचा विश्वास उडाला, आणि अधिकाऱ्याची मर्जी काढून टाका, अशी मागणी जोरावली. १९८७ साली फ्लॉरिडाने, त्याच १८९३ वाल्या फ्लॉरिडाने, कायदा केला की, अर्जदार गुन्हेगार नसेल, त्याने शिक्षण घेतले असेल आणि इतर ठराविक अटी पुऱ्या होत असतील, तर परवाना दिलाच पाहिजे; कारण विचारावयाचे नाही. असे कायदे आधीही काही राज्यांत होते, पण फ्लॉरिडानंतर त्यांची लाट आली. (तेथे हे परवाने पुढे कृषिखात्याकडे सोपवले गेले. संत्री आणि पिस्तुले एकाच कचेरीत!)

टेक्ससला या लाटेने गाठले ते एका भीषण घटनेनंतर. त्या राज्यात १८७१ पासून पिस्तूल बाळगण्यावरच बंदी होती. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन गावातल्या एका उपाहारगृहात एका माणसाने आपली मोटार भिंतीतून आत घातली आणि तेवीस माणसे मारली. सुझॅना हप ही स्त्री तेथे आईवडिलांबरोबर जेवत होती. तिच्याजवळ रिव्हॉल्व्हर असे. पण ती हाडवैद्यकीचा व्यवसाय करी, आणि कायदा मोडल्यास व्यवसायाची सनद जाईल या धास्तीने तिने ते मोटारीत ठेवले होते. हात पर्समध्ये गेला आणि मग तिला आठवले. वडील त्या माणसावर धावून गेले आणि पडले. आई त्यांच्यापाशी बसून राहिली आणि मारली गेली. हप यांनी विधिमंडळांपुढे साक्षी दिल्या, १९९६ मध्ये त्या स्वतः टेक्ससच्या विधिमंडळात निवडून आल्या. गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स यांनी १९९३ साली परवान्याच्या बाजूचे विधेयक फेटाळले होते. पुढच्या निवडणुकीत त्या हरल्या, आणि १९९५ साली जॉर्ज बुश यांनी कायद्यावर सही केली. त्या दिवशी हप यांच्या हाती शस्त्र असते तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकत नाही. त्यांनी कायदा पाळला होता, ही गोष्ट मात्र कोणाला पुसता येत नाही.

१९९६ मध्ये टेक्ससचा नागरिक परवान्यासाठी काय करी ते पाहण्यासारखे आहे. १४० डॉलर शुल्क, बोटांचे ठसे, छायाचित्रे. दहा ते पंधरा तासांचा वर्ग, त्यात अधिक वेळ कायद्याला. लेखी परीक्षा, आणि मग नेमबाजी. तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्या, अडीचशेपैकी पावणेदोनशे गुणांना पास. हे अंतर किती जवळचे आहे पाहा! तीन यार्ड म्हणजे या व्यासपीठापासून आपली पहिली रांग. वर्गात शिकवीत ते असे की, पिस्तूल काढावे ते जीव वाचविण्यास दुसरा उपाय नसेल तेव्हाच. मद्यालय, न्यायालय, शाळा येथे ते न्यावयाचे नाही. पोलिसाने ओळखपत्र मागितले की त्यासोबत परवानाही दाखवावयाचा.

आणि मग कागद टपालाने घरी येतो. पहिल्यांदा पिस्तूल लावून घराबाहेर पडणाऱ्या माणसांचे अनुभव वाचावेत, तर त्यांत शौर्याचा भाग कमी आणि संकोचाचा फार. सदरा आखूड पडतो. वाकले की मूठ उठून दिसते, म्हणून खाली पडलेली वस्तू गुडघे मोडून उचलावी लागते. दुकानातला प्रत्येक जण आपल्याच कमरेकडे पाहतो आहे असे वाटते. वस्तुतः कोणीच पाहत नसतो. हात पुनःपुन्हा तेथे जातो आणि तो आवरावा लागतो. पुष्कळ जण सांगतात की, रस्त्यात कोणी गाडी आडवी घातली तर पूर्वी शिवी देत असू, ती आता गिळतो. भांडण वाढले तर त्याचा शेवट काय होईल हे कमरेला कळलेले असते. सर्वांचेच असे होते असे मात्र मी म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकात उघडे शस्त्र सभ्य आणि लपवलेले दगाबाज होते. १९९६ ते २०१५ पर्यंतच्या टेक्ससमध्ये परवानेवाल्याने पिस्तूल लपवलेच पाहिजे आणि उघडे दाखवणे हा गुन्हा, असा कायदा होता. सभ्यतेची कल्पना पुरती उलटी होऊन बसली.

परवाने वाढल्याने गुन्हे घटतात काय? जॉन लॉट या अर्थशास्त्रज्ञाने १९९८ साली एका ग्रंथात ‘घटतात’ असे मांडले. २००४ साली राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने सांगितले की, उपलब्ध पुराव्यावरून कोणताच निष्कर्ष काढता येत नाही. नंतरच्या संशोधनाचा, विशेषतः जॉन डॉनह्यू यांच्या, कल हिंसक गुन्हे वाढतात असा आहे. मला ही बाजू अधिक भक्कम वाटते. पण अर्जदार संशोधन वाचून अर्ज करीत नाही. त्याला आपल्या जिवाची चिंता असते, राज्याच्या सरासरीची नव्हे.

२३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यू यॉर्कचे ‘सबळ कारण’ रद्द केले. निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी. तो लिहिला न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी. हे स्वतः कृष्णवर्णीय, आणि त्यांनी आधार म्हणून जी जुनी कागदपत्रे काढली त्यांत टॉनी यांची ती भयग्रस्त यादीही होती. आणखी एक गोष्ट आपल्याकडील वर्तमानपत्रांतून फारशी आली नाही. न्यू यॉर्कमधील गरिबांचे खटले चालविणाऱ्या वकिलांच्या संघटनांनी या दाव्यात बंदूकवाल्यांच्या बाजूने निवेदन दिले होते. आमचे अशील बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाचे आहेत, आणि परवाना नाही एवढ्यावरून ते वर्षानुवर्षे तुरुंगात जातात, असे त्यांचे म्हणणे होते. राज्याने लगेच नवा कायदा करून सोळा तासांचा वर्ग आणि दोन तास नेमबाजी सक्तीची केली. दुसरीकडे परवानाच नको म्हणणारी राज्ये २०२४ पर्यंत एकोणतीस झाली. टेक्ससही त्यांत २०२१ साली जाऊन बसले. तेथील लोक अजूनही परवाना काढतात तो मुख्यतः दुसऱ्या राज्यात गेल्यावर दाखवता यावा म्हणून.

अधिकाऱ्याची मर्जी अशी कचेरीतून बरीचशी गेली. रस्त्यावर काय आहे, यासाठी ६ जुलै २०१६ ची मिनेसोटातील घटना सांगतो. बत्तीस वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण, शाळेच्या भोजनगृहाचा पर्यवेक्षक, मैत्रीण आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीसह मोटारीतून जात होता. पोलिसाने गाडी थांबवली. तरुणाजवळ पिस्तूल होते आणि त्याचा रीतसर परवानाही होता. त्याने शांतपणे, ‘साहेब’ म्हणून, आपल्यापाशी शस्त्र असल्याचे सांगितले. पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. त्या राज्याचा कायदा असा आहे की, पोलिसाने विचारले तर शस्त्र असल्याचे सांगावे. या तरुणाला कोणी विचारले नव्हते. त्याने आपणहून सांगितले होते. पुढल्या वर्षी, १६ जून २०१७ रोजी, पंचांनी त्या पोलिसाला निर्दोष सोडले.